फोटोत रंग जसेच्या तसे आणायचे तर: व्हाइट बॅलन्स अगदी सुरुवातीपासून

नवा कॅमेरा घेतला की पहिली तक्रार ठरलेली, फोटो पिवळा येतो नाहीतर निळा पडतो, समोरची वस्तू एका रंगाची आणि स्क्रीनवर भलतीच. मग एडिटिंगमध्ये स्लायडर ओढत बसायचं, चेहरा नीट झाला की भिंत गुलाबी, भिंत नीट केली की चेहरा हिरवट, आणि तासाभराने आपल्यालाच कळेनासं होतं की मुळात रंग होता तरी कसा. माझं मत ठाम आहे, रंगांचं बरंचसं काम शटर दाबायच्या आधीच होऊन जातं, तिथे नीट केलं तर नंतर दोन मिनिटं पुरतात. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवलाय: आधी प्रकाश, मग कॅमेरा आणि मग कॉम्प्युटर.

थोडी थिअरी, पण कामापुरतीच

पांढरा कागद दुपारच्या उन्हात बघा आणि रात्री पिवळ्या बल्बखाली बघा, आपल्याला दोन्हीकडे पांढराच वाटतो, कारण डोळे आणि मेंदू मिळून त्या प्रकाशाला सरावतात आणि त्याचा रंग आपोआप वजा करतात. सेन्सरला ही सोय नाही. त्याच्यावर जेवढा लाल, हिरवा, निळा प्रकाश पडला तेवढाच तो नोंदवणार. व्हाइट बॅलन्स म्हणजे कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा आत्ताचा प्रकाश अमुक रंगाचा आहे, तेवढं वजा कर.

हा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, घरातला पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन ५२०० ते ५५००, फ्लॅशही त्याच्याच आसपास किंवा जरासा वर, ढगाळ हवा ६००० ते ६५००, आणि उघड्या आकाशाखालची सावली ७००० ते ८००० किंवा त्याहून जास्त. आकडा कमी तितका प्रकाश पिवळा-नारिंगी, आकडा जास्त तितका निळा.

आता इथे जवळजवळ सगळेच एकदा गोंधळतात. कॅमेऱ्यात केल्विनचा आकडा वाढवला तर फोटो निळा व्हायला हवा ना? उलट होतं, फोटो पिवळा होतो. कारण तुम्ही कॅमेऱ्याला सांगताय की प्रकाश निळा आहे, म्हणून तो भरपाईसाठी पिवळा घालतो. हे एकदा डोक्यात बसलं की स्लायडर कुठल्या बाजूला न्यायचा हे परत कधी आठवावं लागत नाही.

अजून एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. केल्विनचे आकडे सगळीकडे सारखे वागत नाहीत. २७०० वरून ३००० केलं तर फरक चटकन दिसतो, ६००० वरून ६३०० केलं तर डोळे बारीक करून बघावं लागतं. दहा लाखाला केल्विनने भागलं की जो आकडा येतो त्याला मायर्ड म्हणतात आणि डोळ्याला जाणवणारा फरक साधारण त्या हिशोबात चालतो, पहिल्या बदलात ३७ मायर्ड सरकतात आणि दुसऱ्यात जेमतेम ८. म्हणून पिवळ्या बल्बच्या प्रकाशात स्लायडर हळू हलवा, सावलीतल्या फोटोत बिनधास्त.

आणि केल्विन ही फक्त निळ्या-पिवळ्याची बाजू झाली. दुसरी बाजू हिरव्या-मॅजेंटाची (मॅजेंटा म्हणजे जांभळट गुलाबी), तिला टिंट म्हणतात. ऊन आणि जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब यांत टिंटचा त्रास फारसा नसतो, पण ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी हिरव्याकडे झुकलेले असतात, तिथे नुसतं केल्विन फिरवून काही केल्या रंग जुळत नाही. "टेम्परेचर सगळं फिरवून बघितलं तरी चेहरा आजारी दिसतो" असं कोणी म्हणालं की समजायचं, टिंटला हात लावलेला नाही.

आधी दिवे बघा, कॅमेरा नंतर

एक छोटा प्रयोग करून बघा, खरंच करा, कारण यातून जे कळतं ते वाचून कळत नाही. पांढरा कप खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा, ऊन थेट नको, नुसता उजेड हवा. दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब लावा. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवून एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. खिडकीकडची बाजू निळसर, बल्बकडची नारिंगी, आणि मधे कपाच्या पोटावर एक पट्टा असतो जिथे दोन्ही एकमेकांत मिसळतात. आता एडिटिंगमध्ये खिडकीकडची बाजू पांढरी करा, बल्बकडची भडक नारिंगी होते. बल्बकडची पांढरी करा, खिडकीकडची गडद निळी. मधला आकडा घेतला तर दोन्ही बाजू थोड्या थोड्या चुकीच्या. एकाच कपावर दोन रंगांचे प्रकाश पडलेत आणि सेटिंग मात्र एकच आहे, मग जुळणार कसं?

आता बल्ब बंद करा आणि परत काढा. संपला प्रश्न.

म्हणून पहिली पायरी हीच, एका वेळी एकाच रंगाचा प्रकाश. खिडकीचा उजेड वापरायचा तर घरातले दिवे बंद, दिवे वापरायचे तर पडदे ओढा. फ्लॅश वापरताना खोलीतले पिवळे दिवे चालू ठेवायचेच असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावतात, त्याला सीटीओ म्हणतात, म्हणजे फ्लॅशही बल्बच्याच रंगाचा होतो आणि मग सगळ्याला मिळून एकच व्हाइट बॅलन्स चालतो.

प्रकाश फक्त दिव्यातून येत नाही हेही लक्षात ठेवा. हिरवळीवर बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवट झाक असते, लाल भिंतीशेजारी उभं राहिलं की गालाची एक बाजू लालसर होते. तुमचा स्वतःचा भडक रंगाचा शर्टसुद्धा जवळून वस्तूचे फोटो काढताना त्या वस्तूवर उतरतो, विशेषतः ती चकचकीत असेल तर. वस्तूंचे फोटो काढणारे लोक उगाच काळे-करडे कपडे घालत नाहीत.

दिवा कसला आहे यावर सगळं अवलंबून

काही दिव्यांखाली काहीही केलं तरी रंग बरोबर येत नाहीत आणि यात दोष ना कॅमेऱ्याचा ना तुमचा. सूर्यप्रकाशात सगळे रंग सलग असतात. स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूबमध्ये काही रंग भरपूर आणि काही जवळजवळ नसतातच. प्रकाशात गडद लाल नसेलच तर लाल वस्तूवरून परत काय येणार? ती मळकट तपकिरी दिसणार. व्हाइट बॅलन्स फक्त लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण बदलतो, प्रकाशात मुळात नसलेला रंग तो आणू शकत नाही.

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं माप, जास्तीत जास्त १००. फोटोसाठी ९० च्या वर हवा, ९५ मिळाला तर उत्तम. पण नुसता तो आकडा बघून खूश होऊ नका, कारण तो ८ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असते आणि गडद लाल, ज्याला आर९ म्हणतात, तो त्या सरासरीत धरतच नाहीत. त्वचा, लाल कपडे, लाकूड, फळं या सगळ्यांना नेमका तोच लागतो. आर९ वेगळा लिहिलेला असेल तर तो बघून घ्या. रंग बरोबर यावेत अशी खरंच इच्छा असेल तर नवीन लेन्सच्या आधी चांगला दिवा घ्या, हे मी ज्याला त्याला सांगतो.

अजून एक, ट्यूब आणि बरेच एलईडी लुकलुकत असतात, आपल्याला दिसत नाही एवढंच. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा. शटर १/१००० सेकंदावर ठेवून धडाधड फोटो काढले तर एक पिवळट, पुढचा हिरवट, तिसरा अंधारा असं काहीतरी होतं आणि माणूस व्हाइट बॅलन्सला दोष देत बसतो. अशा प्रकाशात शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे १/१२० किंवा १/६०.

कॅमेऱ्यातली सेटिंग

सगळ्यात आधी रॉ चालू करा. रॉमध्ये सेन्सरने जे टिपलं ते तसंच राहतं, व्हाइट बॅलन्स ही फक्त सोबतची एक नोंद असते, नंतर कितीही वेळा बदला काही नुकसान नाही. जेपेगमध्ये मात्र ते रंग आतच पक्के होतात, वर ८ बिटचीच, म्हणजे रॉपेक्षा कमी, माहिती उरते, थोडंफार सुधारता येतं पण पिवळाधमक झालेला जेपेग पूर्ण परत येत नाही. फक्त जेपेगच काढणार असाल तर पुढचं सगळं दुप्पट काळजीने करा.

ऑटो व्हाइट बॅलन्स वाईट आहे असं अजिबात नाही, आजकालचे कॅमेरे बाहेरच्या उजेडात छान काम करतात. पण तो अंदाज लावतो. त्याच्या मागची सगळ्यात जुनी आणि साधी समजूत अशी की फ्रेममधल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती करडी यावी, आताचे कॅमेरे याहून हुशार असले तरी त्या विचाराचा अंश राहतोच. म्हणून फ्रेमभर पिवळी फुलं असली की तो म्हणतो प्रकाशच पिवळा आहे आणि निळा घालतो, फुलं मरगळतात. दुसरी अडचण म्हणजे प्रत्येक फोटोला तो नव्याने ठरवतो, त्यामुळे एकाच जागी काढलेल्या दहा फोटोंत रंग किंचित किंचित वेगळे निघतात आणि नंतर एकेक जुळवत बसावं लागतं. सगळे फोटो सारखेच चुकीचे असतील तर एका झटक्यात सुधारता येतात, प्रत्येक वेगळा चुकला असेल तर रात्र गेली म्हणून समजा.

त्यामुळे प्रकाश बदलत नसेल तिथे ऑटो सोडा. उन्हात डेलाइट, सावलीत शेड, ढगाळ असेल तर क्लाउडी, एवढं जरी केलं तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. मोबाइलवाल्यांनी प्रो मोडमध्ये जाऊन केल्विनचा आकडा स्वतः ठरवून टाकावा, मोबाइलचा ऑटो तर फ्रेम जरा हलवली तरी मत बदलतो.

ग्रे कार्ड वापरायचं कसं

जिथे रंग खरोखर अचूक हवेत, चित्रांचे फोटो, कपडे, विकायच्या वस्तू, त्वचा, तिथे अंदाज नको, मोजमाप हवं. त्यासाठी ग्रे कार्ड. त्याच्यावर १८ टक्के लिहिलेलं असतं, तो एक्स्पोजरचा, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्याचा, मामला आहे, व्हाइट बॅलन्ससाठी ते १८ आहे का २५ याने काही बिघडत नाही, कार्ड सगळे रंग सारखेच परत फेकणारं, म्हणजे न्यूट्रल असलं पाहिजे.

साधा पांढरा कागद का नाही, असं सगळे विचारतात. कागद जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात ब्राइटनर घातलेले असतात, ते अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. उन्हात असा कागद खरं तर निळसर असतो, कॅमेरा त्याला पांढरा धरून निळा कमी करतो आणि सगळा फोटो पिवळट होतो. धुलाईच्या पावडरीमुळे पांढऱ्या शर्टाचंही तेच. अगदी काहीच नसेल तर कागद चालवून घ्या, पण त्यावर भरवसा टाकून नेमके रंग जुळवायला जाऊ नका.

कार्ड धरायचं ते वस्तूच्या जागी. कॅमेऱ्याजवळ नाही, स्वतःच्या हातात आपल्या नाकासमोर नाही, जिथे वस्तू आहे तिथे, कारण आपल्याला मोजायचाय तो वस्तूवर पडणारा प्रकाश. माणूस असेल तर त्यालाच हनुवटीखाली धरायला सांगा. कार्डावर चमक येत असेल तर जरा तिरकं करा, बोटांची किंवा स्वतःची सावली पडू देऊ नका. मग फ्रेमचा मधला भाग कार्डाने भरून एक फोटो काढा, फोकस नसला तरी हरकत नाही, ऑटोफोकस अडून बसला तर मॅन्युअलवर टाका. कार्ड जळालेलंही (जास्त उजेडाने पांढरंफट्ट झालेलं) नको आणि काळवंडलेलंही नको, हिस्टोग्रामवर, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठला उजेड किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर, टेकडी मधोमध दिसली पाहिजे.

इथून दोन रस्ते आहेत. एक, कॅमेऱ्यातच कस्टम व्हाइट बॅलन्स करून टाकायचा. कॅननमध्ये कार्डाचा फोटो आधी काढून मग मेनूत जाऊन तो निवडायचा आणि त्यानंतर व्हाइट बॅलन्स कस्टमवर नेणं विसरायचं नाही, निकॉनमध्ये पीआरई नावाच्या पर्यायात थेट कार्डाकडे रोखून मोजता येतं. दुसरा रस्ता, रॉ काढत असाल तर कार्डाचा तो एक फोटो नुसता ठेवून द्यायचा आणि कॉम्प्युटरवर वापरायचा. मला दुसरा आवडतो, पण जेपेगवाल्यांना पहिलाच हवा. प्रकाश बदलला, ढग आला, जागा बदलली, की कार्डाचा नवा फोटो, यात आळस केला की सगळं मुसळ केरात.

भडक लाल किंवा पिवळ्या वस्तूंचे फोटो काढताना आणखी एक नजर टाका. ब्राइटनेसचा एकच हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि तरी फुलाच्या पाकळ्यांच्या शिरा गायब, सगळा लाल सपाट गोळा. कारण लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलपैकी फक्त लाल टोकाला जाऊन आपटलेला असतो. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि लाल चॅनेल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा.

कॉम्प्युटरवर

स्क्रीन चुकीची असेल तर बरोबर फोटो तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवाल, म्हणून आधी ती. नाइट लाइट, ट्रू टोन असलं जे काही स्क्रीनचा रंग आपोआप बदलतं ते बंद. टार्गेट ठेवायचं ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) २.२, ब्राइटनेस मंद उजेडाच्या खोलीत ८० ते १२० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप), बहुतेक स्क्रीन याच्या कितीतरी वर असतात आणि म्हणूनच प्रिंट काळपट आली अशी ओरड होते. स्क्रीन कॅलिब्रेट करायचं, म्हणजे मोजून तिचे रंग बरोबर करायचं, यंत्र कोणाकडून एक दिवसासाठी जरी मिळालं तरी वापरून घ्या.

मग कार्डाचा फोटो उघडा, आयड्रॉपर, म्हणजे क्लिक केलेली जागा न्यूट्रल धरून रंग सुधारणारं टूल, घ्या आणि कार्डावर क्लिक करा. लाइटरूम असो, डार्कटेबल असो, रॉथेरपी असो, सगळ्यांत ही सोय आहे. क्लिक करायच्या आधी तिथले आकडे बघायची सवय लावा. समजा आर (लाल) १४२, जी (हिरवा) १३८, बी (निळा) ११८ असे दिसले, निळा कमी आहे म्हणजे फोटो पिवळट आहे. क्लिक केल्यावर तिन्ही जवळजवळ सारखे झाले पाहिजेत. काही सॉफ्टवेअर आकडे टक्क्यांत दाखवतात, अर्थ तोच. मग हीच सेटिंग त्याच प्रकाशातल्या बाकीच्या सगळ्या फोटोंवर एकदम लावायची.

डोळ्यांपेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवा, कारण पाच मिनिटं पिवळट फोटो बघितला की डोळे त्यालाच सरावतात. त्वचेसाठीही आकड्यांची एक चांगली खूण आहे. त्वचा गोरी असो, सावळी असो, काळी असो, साध्या प्रकाशात जवळजवळ नेहमी लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, निळा सगळ्यात कमी. गालावर कर्सर नेल्यावर निळा हिरव्याच्या वर गेलेला दिसला तर बहुतेक झाक राहिलीये.

व्हाइट बॅलन्स बरोबर आला तरी काही रंग अजून भडक वाटतील, तर प्रोफाइल बघा, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची तयार सेटिंग. व्हिव्हिड, लँडस्केप असली प्रोफाइलं मुद्दाम रंग चढवतात, अचूकतेसाठी न्यूट्रल किंवा स्टँडर्ड घ्या. याच्याही पुढे जायचं असेल, समजा पेंटिंगचे फोटो काढताय, तर २४ रंगांचं कलरचेकर कार्ड घ्या, १९७६ पासून हेच चालत आलंय. त्यावरून तुमच्या कॅमेऱ्याचं आणि त्या प्रकाशाचं खास प्रोफाइल बनतं. व्हाइट बॅलन्ससाठी त्याच्या खालच्या रांगेत पांढऱ्याच्या शेजारच्या फिकट करड्या चौकोनावर क्लिक करा, पांढऱ्यावर नको, तो कधी कधी जळालेला असतो.

नेटवर टाकायचा फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत (कलर स्पेसमध्ये) एक्स्पोर्ट करा आणि तिचं प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेलं ठेवा. अॅडोब आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतला फोटो जिथे प्रोफाइल वाचलं जात नाही तिथे फिका, मेलेला दिसतो.

अचूक कधी नको

सूर्यास्ताला ग्रे कार्ड लावलं तर दुपार होते. ज्या प्रकाशाच्या रंगासाठीच आपण कॅमेरा उचलला तो रंग वजा करण्यात काय अर्थ आहे! अशा वेळी ५२०० ते ५५०० ला ठेवून द्या, म्हणजे संध्याकाळचा नारिंगी नारिंगीच राहतो. दिव्यांच्या मंद उजेडातले घरगुती प्रसंगही पूर्ण पांढरे करू नका, ७०-८० टक्के दुरुस्ती करून थोडी ऊब शिल्लक ठेवा, बघणाऱ्याला तेच खरं वाटतं.

कार्ड नव्हतं आणि फोटो तर काढून झाले

मग फ्रेममध्ये न्यूट्रल काहीतरी शोधा. डांबरी रस्ता, सिमेंट, स्टीलचा मॅट भाग, करडा दगड, यांवर एकेक करून आयड्रॉपरने क्लिक करा आणि दर वेळी टेम्परेचर आणि टिंटचा आकडा कागदावर लिहून ठेवा. दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग वापरू नका, दोन्ही न्यूट्रल नसतात. ढग, भिंती यांवर तर आजूबाजूचा रंग आलेला असतो. तीन-चार क्लिकमधले दोन जवळपास सारखे आले तर तोच आकडा धरा, एखादा फारच वेगळा आला तर तो सोडून द्या. मग त्वचेचे आकडे तपासा आणि गरज असेल तर टिंट दोन-चार अंकांनी मॅजेंटाकडे किंवा हिरव्याकडे सरकवा. फोटोत दोन रंगांचा प्रकाश आलेलाच असेल तर मुख्य माणसाच्या चेहऱ्यापुरता व्हाइट बॅलन्स बरोबर करा आणि उरलेल्या भागावर मास्क टाकून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तिथलं टेम्परेचर वेगळं फिरवा, मास्कची कड चांगली पसरट ठेवा. आणि एवढं करूनही त्या कोपऱ्यातला निळा जात नसेल तर त्या भागाचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, निम्म्यावर आणा, रंग बरोबर होणार नाही पण डोळ्याला टोचणार तरी नाही.